डाव्या हाताचा प्रसाद

आमच्या घरात मी एकटीच डावखुरी. देवगडजवळच्या आमच्या वाडीत सत्यनारायण असो की जत्रा, प्रसादासाठी माझा हात पुढे झाला की आजीचा आवाज आलाच म्हणून समजा. "गो चेडवा, डाव्या हातान परसाद घेतत काय? उजवो हात पुढे कर." मी मुकाट हात बदलायचे. शाळेत दोन वर्षं पेन्सिल उजव्या हातात कोंबून झाली. शेवटी घराने आणि मी एक तह केला. अक्षर उजव्या हाताचं, प्रसाद उजव्या हाताने, बाकी कोयता, सुई आणि भाताचा डाव डाव्याच हातात. तो तह आज पन्नाशी उलटली तरी चालू आहे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म मूलकणावरचं प्रकरण वाचताना मी वाचनालयात मोठ्याने हसले होते. निसर्गात आढळणारा प्रत्येक न्यूट्रिनो डावखुरा, असं तिथे लिहिलं होतं. कधी डावा, कधी उजवा असं नव्हे. झाडून सगळे डावे. पहिल्यांदा वाटलं ते असं, की आता आजीला काय सांगू? आजी तेव्हा जाऊन सहा महिने झाले होते.

डावखुरा कण म्हणजे काय, ते डाव्या हातानेच दाखवता येतं. अंगठा ताठ करा, बाकीची बोटं मिटा. अंगठ्याच्या दिशेने कण धावतोय आणि मिटलेल्या बोटांच्या दिशेने तो स्वतःभोवती फिरतोय, असं समजा. 'फिरतोय' हे तसं लटकंच, कणाच्या अंगी असलेल्या आवर्ताला (इंग्रजीत 'स्पिन') आपण जवळचा शब्द वापरतो इतकंच. पण दिशा खरी. उजव्या हाताने हेच करून पाहिलं की उलटी जोडी मिळते. आरशासमोर डावा हात धरला की आत उजवा दिसतो, तसा डावखुरा न्यूट्रिनो आरशात उजवा दिसायला हवा. आणि तसा न्यूट्रिनो आजवर कुणाला सापडलेला नाही. म्हणजे आरशातलं ते जग या बाबतीत खोटं.

आमच्या खाडीत भरती ओसरली की चिखलावर लहान खेकडे निघतात. नराचा एक डेंगा एवढाएवढासा आणि दुसरा अंगाला न शोभणारा मोठा. त्यांच्या बऱ्याच जातींत निम्म्यांचा डावा डेंगा मोठा, निम्म्यांचा उजवा. सगळ्या चिखलाचा आरशातला फोटो काढला तर ओळखू येणार नाही खरा कुठला. शंखांचं तसं नाही. किनाऱ्यावर गोळा केलेले शंख-गोगलगायी टोपलीत ओता, जवळजवळ सगळ्यांचं वेटोळं एकाच अंगाला. उलटं वेटोळं इतकं विरळ, की देवघरात त्याची पूजा होते आणि बाजारात त्याच्या नावाने फसवणूक. (गंमत म्हणजे ज्याला आपण दक्षिणावर्ती शंख म्हणतो, त्याला प्राणिशास्त्रवाले डावा म्हणतात. आपण शंख तोंड वर करून धरतो, ते टोक वर करून. शंख तोच.)

१९५६ पर्यंत भौतिकशास्त्रज्ञांना वाटत होतं, की निसर्गाचे मूळ नियम खेकड्यांसारखे आहेत. डावं-उजवं समसमान. त्या वर्षी ली आणि यांग या दोघांनी विचारलं, की क्षीण बलाच्या, म्हणजे अणुकेंद्रकातल्या कणांचं रूप पालटणाऱ्या बलाच्या, बाबतीत हे कुणी तपासून पाहिलंय का? कुणीच पाहिलं नव्हतं. वोल्फगांग पाउलीसारखा माणूस तर पैज लावायला तयार होता, देव काही डावखुरा असायचा नाही म्हणून. आमच्या आजीचं आणि पाउलीचं या एका मुद्द्यावर अगदी जमलं असतं. त्याच सुमारास चिएन-शियुंग वू या बाईंनी कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू अतिशीत करून, चुंबकाने त्यातली अणुकेंद्रकं एका दिशेला वळवून पाहिली. बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन एकाच अंगाला जास्त जात होते. १९५७ च्या जानेवारीत बातमी फुटली. निसर्ग शंखवाला निघाला.

इथून पुढे ज्यांची गोष्ट मला सांगायची आहे ते एन्नक्कल चांडी जॉर्ज सुदर्शन. केरळातल्या कोट्टयमजवळच्या पळ्ळमचे, जन्म १९३१ चा. मद्रासला शिकून १९५२ मध्ये ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. संस्था तेव्हा कुलाब्याच्या टोकाला नव्हती, गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. माझे आजोबा त्याच वर्षांत मुंबईत गिरणीत होते आणि शिमग्याला, गणपतीला भाऊच्या धक्क्यावरून बोटीने देवगडला यायचे. एकाच समुद्राकडे बघत दोघं आपापल्या घरची आठवण काढत असतील, असं मला उगाच वाटतं. क्वांटम भौतिकीतले दिग्गज पॉल डिरॅक मुंबईत व्याख्यानं द्यायला आले, तेव्हा त्यांच्या टिपा उतरवून घेणाऱ्या दोन पोरांतला एक हा सुदर्शन. तिथून ते अमेरिकेत रॉचेस्टरला रॉबर्ट मार्शाक यांच्याकडे पीएच.डी.ला गेले.

तिथे त्यांच्या पुढ्यात आला तो क्षीण बलाचा गुंता. हे बल नावाला क्षीण. सूर्य पेटता आहे तो याच्यामुळे, कारण हायड्रोजनचं हेलियम होताना प्रोटॉनचा न्यूट्रॉन करून द्यायचं काम हेच करतं. आणि लांब कशाला जायचं, आपल्या शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. नैसर्गिक पोटॅशियमच्या एका ग्रॅममध्ये दर सेकंदाला सुमारे ३० अणू फुटतात, त्यातले बहुतेक इलेक्ट्रॉन बाहेर टाकून. शहाळं पिताना हे चाललेलंच असतं. आपल्या हाडामांसातही. घाबरायचं कारण नाही, माणूस नावाचा प्राणी झाला तेव्हापासून हे चालू आहे.

प्रश्न असा होता, की हे बल नेमकं कोणत्या रूपाचं? गणिताला पाच रूपं चालत होती: अदिश, सदिश, टेन्सर, अक्षीय सदिश आणि छद्म-अदिश. इंग्रजी आद्याक्षरं एस, व्ही, टी, ए, पी. आणि प्रयोग एकमेकांची तोंडं बघत नव्हते. हेलियम-६ वरचा प्रयोग म्हणे टेन्सर, आर्गॉनवरचा म्हणे सदिश. म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, तिसरीच तक्रार घेऊन उभा. शहाण्यासुरत्या माणसांनी यातून काढलेला मार्ग म्हणजे थांबा, वेगवेगळ्या ठिकाणी बल वेगवेगळं असेल.

सुदर्शन तेव्हा पंचविशीचे. त्यांनी सगळे प्रयोग पुढ्यात मांडले आणि एक-एक चाळत गेले. निष्कर्ष निघाला तो असा, की बल सगळीकडे एकच आहे, सदिश वजा अक्षीय सदिश, म्हणजे 'व्ही मायनस ए'. त्या वजाबाकीत सगळं डावखुरेपण बसलेलं आहे. हे बल कणाच्या फक्त डाव्या अंगाशी बोलतं. उजव्याला ओळखतच नाही. (प्रतिकणांच्या बाबतीत नेमकं उलट.) शहाळ्यातून सुटणारे ते इलेक्ट्रॉनही त्यामुळे बहुतांश डावखुरे.

पण मग ज्या प्रयोगांशी हे जुळत नव्हतं त्यांचं काय? इथे मी दर वेळी थांबते. वर्गात शिकवतानाही थांबायचे. सुदर्शन आणि मार्शाक यांनी आपल्या निबंधात सरळ लिहिलं, की हे चार प्रयोग आमच्या सिद्धांताशी जुळत नाहीत, ते पुन्हा करावेत. भाषा सभ्य. अर्थ एवढाच, की चारही चुकले असणार. एक तो हेलियम-६ चा. एक म्युऑनमधून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या आवर्ताचा. एक ध्रुवित, म्हणजे एका दिशेला वळवलेल्या, न्यूट्रॉनचा. आणि एक पायॉनचा.

यातला पायॉनचा माझा आवडता. पायॉन हा अल्पायुषी कण. तो फुटला की बहुतेक वेळा म्युऑन निघतो. क्वचित इलेक्ट्रॉन निघायला हवा, पण तो शोधायला गेलेल्यांना सापडत नव्हता. व्ही मायनस ए म्हणे, सापडेल, पण दर १०,००० पायॉनमागे जेमतेम एक. इतका कमी का, तर पायॉनला स्वतःचं आवर्त नाही, त्यामुळे त्यातून निघालेल्या दोघांची आवर्तं एकमेकांना फेडायला हवीत. न्यूट्रिनो एका अंगाचा ठरलेला, मग जोडीदारावर नको त्या अंगाने निघायची पाळी येते. म्युऑन जड, संथ. त्याला हे एक वेळ जमतं. इलेक्ट्रॉन हलका, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळणारा, त्याला जवळपास अशक्य. म्हणजे माझ्यासारखीच गत, आपल्या नसलेल्या हाताने प्रसाद घ्यायचा. १९५८ मध्ये जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत तो इलेक्ट्रॉन सापडला. बाकीचे तीन प्रयोगही पुन्हा झाले आणि तिन्हींनी आपलं म्हणणं बदललं.

माझ्या स्वतःच्या आकड्यांवर विश्वास ठेवायची वेळ माझ्यावर एकदाच आली. पदव्युत्तर प्रकल्पात माझं उत्तर छापील उत्तराशी जुळेना. मी रात्रभर बसून माझं उत्तर 'दुरुस्त' केलं. पुढच्या आवृत्तीत पुस्तकवाल्यांनी त्यांचं दुरुस्त केलं. त्या एका रात्रीमुळे मला सुदर्शनांची पंचविशी जास्त कळते, असं म्हणू का? की मुळीच कळत नाही?

आता मानपानाची गोष्ट. आमच्याकडे शिमग्याला पालखी निघते तेव्हा पहिला खांदा कुणाचा, नारळ आधी कुणाच्या हातात, यावरून भावकी-भावकीत पिढ्यान् पिढ्या बोलणं बंद असतं. काही गावांचे वाद कोर्टात गेलेले आहेत. शास्त्रज्ञांची पालखी काही वेगळी नाही. १९५७ च्या एप्रिलमध्ये रॉचेस्टरलाच मोठी परिषद होती. सुदर्शन पडले विद्यार्थी, त्यांना बोलायला मिळालं नाही, आणि मार्शाक दुसऱ्याच विषयावर बोलले. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात दोघांनी मरे गेल-मान यांना हे सगळं समजावून सांगितलं. सप्टेंबरात इटलीतल्या पादुआ-व्हेनिसच्या परिषदेत निबंध वाचला गेला, पण तिथलं इतिवृत्त छापून यायला पुढचं साल उजाडलं. तोवर रिचर्ड फाइनमन आणि गेल-मान यांचा निबंध १९५८ च्या जानेवारीत 'फिजिकल रिव्ह्यू' या शोधपत्रिकेत झळकला होता. फाइनमन आपल्या वाटेने स्वतंत्रपणे तिथे पोचले होते, हेही खरं. पुढे त्यांनीच जाहीरपणे मान्य केलं, की हे आधी सुदर्शन-मार्शाक यांना सापडलं, आम्ही फक्त त्याची प्रसिद्धी केली. पण पालखी तोवर निघून गेलेली. व्ही मायनस ए साठी नोबेल कुणालाच मिळालं नाही. १९७९ चं मिळालं ते ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांना, याच पायावर चढवलेल्या पुढच्या बांधकामासाठी. सुदर्शन त्यावर म्हणायचे, की दुसरा मजला बांधणाऱ्याला बक्षीस द्यायचं तर पहिला मजला बांधणाऱ्याचं काय? चिऱ्याच्या घरात वाढलेल्या मला वाटतं, त्यांनी मजला म्हणून कमी सांगितलं. ते जोतं होतं.

२००५ मध्ये पुन्हा तेच. लेझर आणि साधा दिवा यांच्या प्रकाशातला फरक क्वांटमच्या, म्हणजे अणूंच्या जगातल्या नियमांच्या, भाषेत कसा मांडायचा, यावर १९६३ मध्ये रॉय ग्लॉबर आणि सुदर्शन या दोघांनी काम केलं. कुठलाही प्रकाश लेझरसारख्या सुसंगत अवस्थांच्या मिश्रणाने लिहिता येतो, ही मांडणी दोघांच्या नावाने ओळखली जाते. त्यातली मेख अशी, की मिश्रणातली काही प्रमाणं ऋणही निघू शकतात. दुधात वजा पाव पेला पाणी घातलंय, असं म्हटल्यासारखं. जिथे प्रमाण असं ऋण निघतं, तो प्रकाश अस्सल क्वांटम. २००५ चं अर्धं नोबेल ग्लॉबर यांना मिळालं, सुदर्शनांचं नाव नव्हतं. तेव्हा त्यांनी नोबेल समितीला पत्र लिहिलं.

हे पत्र त्यांनी लिहायला नको होतं, असं म्हणणारे बरेच भेटले. मोठ्या माणसाला शोभत नाही वगैरे. मला ते पटत नाही. आमच्याकडे देवासमोर गाऱ्हाणं घालतात ते मोठ्याने, चारचौघांत. "बा देवा म्हाराजा," म्हणून सगळं नावानिशी सांगायचं, आणि मागच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्यात लाज कसली? मी हे सगळं शेजारच्या तात्यांना एकदा ओटीवर बसून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, सुपारी कातरली आणि विचारलं, "गाऱ्हाणा घातल्यानी होता ना?"

"घातलं होतं."

"मगे झाला. गाऱ्हाणा देवाक आयकाक येता, मानकऱ्यांका नाय."

सुदर्शनांचं अजून एक काम फार मोहक आहे, आणि ते मला मे महिन्यात हटकून आठवतं. आमच्याकडे माडीवरच्या खोलीत अढी घालतात. खाली पेंढा, त्यावर हापूसचा थर, पुन्हा पेंढा. मग वाट बघायची. आम्ही पोरं तासातासाला पेंढ्यात हात घालायचो आणि आजी खालून ओरडायची, "सारखी अढी उघडू नको गो, आंबे पिकाचे नाय!" त्यात तथ्य होतं. अढी उघडली की आतली ऊब जाते आणि आंब्यांनी सोडलेला, एकमेकांना पिकवणारा वायूही उडून जातो. साधं रसायन.

पण १९७७ मध्ये सुदर्शन आणि बैद्यनाथ मिश्र यांनी अमेरिकेत ऑस्टिनला बसून सिद्ध केलं ते याच्या पलीकडचं. क्वांटम वस्तूकडे नुसतं सारखं बघत राहिलं तरी ती बदलायची थांबते. झीनो या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञाचा बाण प्रत्येक क्षणी जागच्या जागीच असतो आणि म्हणून हलूच शकत नाही, त्यावरून त्यांनी या निष्कर्षाला झीनोचं नाव दिलं. यामागचं गणित मला फार आवडतं, कारण ते पाचवीतल्या मुलालाही करता येतं. क्वांटम बदलाची शक्यता अगदी सुरुवातीला वेळेच्या वर्गाने वाढते. समजा, एका ठराविक वेळात बदल घडायची शक्यता शंभरात एक. तर निम्म्या वेळात ती दोनशेत एक नव्हे, चारशेत एक. आता मधे एकदा डोकावून पाहिलं, 'अजून नाही' असं दिसलं, की घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू. दोन अर्धे मिळून शक्यता दोनशेत एक. दहा वेळा डोकावलं तर हजारात एक. जितकं डोकावाल तितका आंबा हिरवा.

१९९० मध्ये अमेरिकेतल्या बोल्डर इथे वेन इटानो आणि मंडळींनी हे करूनही दाखवलं. बेरिलियमचे सुमारे ५,००० आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या सापळ्यात धरले, २५६ मिलिसेकंद रेडिओलहरी दिल्या की सगळे एका अवस्थेतून दुसरीत जाणार अशी तजवीज केली, आणि त्या अवधीत लेझरचे झटके देऊन मधे मधे 'पाहिलं'. सिद्धांत सांगतो, की दोनदा पाहिलं तर निम्मेच जातात, ६४ वेळा पाहिलं तर शंभरातले जेमतेम चार. आयनांनी सिद्धांताचा मान राखला.

एक सांगून टाकते, कारण हे वाचून कुणी ना कुणी व्हॉट्सॲपवर फिरवणार, की म्हणजे आपल्या विचारांनी वस्तू बदलतात. नाही. इथे 'बघणं' म्हणजे लेझरचा झटका, म्हणजे आयनाला बसलेला धक्का. आपल्या बघण्याने शहाळ्यातलं पोटॅशियम फुटायचं थांबत नाही, कारण तिथला तो वर्गाने वाढणारा काळ कल्पनेपलीकडे सूक्ष्म असतो, तेवढ्यात डोकावणं कुणालाच जमलेलं नाही. सुदर्शनांना स्वतःला वेदांताची ओढ होती, त्यावर ते मोकळेपणाने बोलत. पण त्यांचे निबंध उघडले की आत गणित आहे, निव्वळ.

प्रकाशापेक्षा वेगवान कणांवरचं त्यांचं लेखन लोकांना जास्त माहीत असतं. बिलानिउक आणि देशपांडे यांच्याबरोबरचा तो निबंध १९६२ चा. त्यात देशपांडे हे आडनाव वाचून माझी छाती काही कारण नसताना फुगली होती, हे कबूल करते. पाच वर्षांनी फाइनबर्ग यांनी अशा कणांना टॅकिऑन हे नाव दिलं. अजून एकही सापडलेला नाही. सापडेल असं मला वाटतही नाही. पण नियमात बसतंय तर हरकत काय, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता.

२०१८ च्या मे महिन्यात, १३ तारखेला, ऑस्टिनला ते गेले. मी तेव्हा माहेरीच होते. बातमी दोन दिवसांनी फोनवर वाचली. रेंज आमच्याकडे माडीवरच्या खिडकीतच येते, म्हणजे अढीच्या खोलीत. वाचून झाल्यावर काही वेळ तिथेच बसले. खाली वहिनी सोमवारची पूजा राहून गेली म्हणून मंगळवारी नैवेद्य करत होती.

भाचा तेव्हा सहा वर्षांचा. तो माझ्या मागे जिना चढून आला आणि त्याने पेंढ्यात हात घातला. डावा. हे त्याचं मला तोवर लक्षात आलं नव्हतं, की आलं होतं आणि मी कुणाला बोलले नव्हते. खालून वहिनीने प्रसादाला हाक मारली. आम्ही दोघं उतरलो. त्याने हात पुढे केला, वहिनीने एकदा त्या हाताकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि त्याच हातावर शिरा ठेवला.

"आंबे कधी पिकणार?" तो शिरा खात विचारत होता.

"उद्या," वहिनी म्हणाली. "तू बघायचा थांबलास तर."